जुन्या संगणकाला जाळ्यात आणताना



जुने यंत्र टाकून द्यावे की राखावे, हा प्रश्न प्रत्येक संस्थेपुढे केव्हा ना केव्हा उभा राहतो. संगणकाच्या बाबतीत त्याचे उत्तर बहुधा चटकन दिले जाते: नवा घ्यावा, जुना काढून टाकावा. तथापि काही ठिकाणी हे उत्तर उपयोगी पडत नाही. एखाद्या प्रयोगशाळेत एक मोजमापाचे उपकरण असते. ते चालविणारा कार्यक्रम १९९० च्या सुमारास लिहिलेला असतो आणि त्या काळच्या संगणकावरच चालतो. उपकरण उत्तम स्थितीत असते, त्याच्या जागी नवे घेणे परवडत नाही, आणि अनेक वर्षांची मापने त्या संगणकाच्या हार्ड डिस्कवर साठलेली असतात. ती डिस्क एक ना एक दिवस बंद पडणार हे निश्चित असते. तो दिवस उजाडण्यापूर्वी ही सामग्री बाहेर काढावयाची असेल, तर त्या संगणकाला इतर संगणकांच्या जाळ्याशी जोडणे हा सर्वांत सोयीचा मार्ग होय.

सोयीचा का, हे थोड्या हिशेबाने स्पष्ट होईल. डिस्क ४० मेगाबाइटची, म्हणजे सुमारे ४ कोटी अक्षरांची आहे असे धरल्यास १.४४ मेगाबाइटच्या २८ फ्लॉपी तिच्यासाठी लागतील, आणि चांगल्या फ्लॉपी मिळणे आता दुर्घट झाले आहे. सेकंदाला ९,६०० बिट या वेगाने सिरियल पोर्टातून ती पाठविली, तर साडेअकरा तासांहून अधिक वेळ जाईल. याउलट सेकंदाला १ कोटी बिट वाहून नेणाऱ्या ईथरनेटच्या तारेवरून तीच सामग्री तत्त्वतः ३२ सेकंदांत जाऊ शकते. जुन्या यंत्राची मंद गती जमेस धरली तरी हे काम काही मिनिटांचेच ठरते. त्यासाठी हवे असते ते एक लहानसे कार्ड आणि ते नीट बसविण्याचे ज्ञान. कार्ड अजूनही मिळते. ज्ञान मात्र विरळ होत चालले आहे.

ईथरनेटची कल्पना रॉबर्ट मेटकाफ यांनी २२ मे १९७३ रोजीच्या एका टिपणात मांडली. ते त्या वेळी झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात काम करीत होते. डेव्हिड बॉग्ज यांच्या साहाय्याने त्यांनी ती प्रत्यक्षात उतरविली आणि १९७६ मध्ये दोघांनी तिच्यावरील शोधनिबंध प्रसिद्ध केला. १९८० मध्ये डिजिटल, इंटेल आणि झेरॉक्स या तीन कंपन्यांनी मिळून सेकंदाला १ कोटी बिट या वेगाची प्रमाण-संहिता जाहीर केली. दरम्यान, १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएम कंपनीने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला. त्या यंत्राच्या आत कार्डे बसविण्यासाठी लांबट खाचा ठेविलेल्या होत्या. या खाचांना स्लॉट म्हणतात. १९८४ मधील 'एटी' या यंत्रात त्या अधिक लांब झाल्या. पुढे असंख्य कंपन्यांनी याच पद्धतीचे संगणक बनविले, आणि खाचांच्या या व्यवस्थेला 'आयएसए' असे नाव रूढ झाले.

या खाचांत बसणाऱ्या जाळ्याच्या कार्डांपैकी अत्यंत प्रसार पावलेले कार्ड म्हणजे नोव्हेल कंपनीचे 'एनई २०००' होय. त्याची रचना साधी होती आणि इतर उत्पादकांनी तिचे मुक्तहस्ताने अनुकरण केले. म्हणूनच आज जुन्या सामानाच्या दुकानात हाती लागणारे कार्ड पुष्कळदा याच घराण्यातले असते. प्रस्तुत विवेचनासाठी तेच उदाहरण घेणे योग्य ठरेल.

कार्ड खाचेत बसविणे हे हाताचे काम आहे आणि ते दहा मिनिटांत होते. खरी अडचण त्यानंतरची आहे. संगणकाच्या आत प्रत्येक कार्डाला दोन गोष्टी लागतात: एक पत्ता आणि एक हाक मारण्याची रेषा. मध्यवर्ती प्रक्रियक ज्या क्रमांकावर कार्डाशी बोलतो तो त्याचा पत्ता. हे क्रमांक सोळाच्या पटीत मोजण्याच्या पद्धतीने, म्हणजे षोडशमान पद्धतीने लिहितात. एनई २००० ला ओळीने ३२ पत्ते लागतात. ३०० हा त्याचा पहिला पत्ता ठरविला, तर ३०० पासून ३१एफ पर्यंतचे सर्व पत्ते त्याच्या मालकीचे होतात. दुसरी गोष्ट म्हणजे व्यत्ययरेषा. तारेवरून मजकूर आला की कार्ड या रेषेवरून प्रक्रियकाला हाक देते, आणि प्रक्रियक हातातले काम क्षणभर बाजूला ठेवून त्याच्याकडे वळतो.

ही हाक वेळेवर ऐकली जाणे का आवश्यक आहे? कार्डाजवळ १६ किलोबाइटची स्वतःची स्मृती असते. तारेवरून पूर्ण वेगाने मजकूर येत राहिला, तर ती सेकंदाच्या शंभराव्या भागाहून किंचित अधिक वेळात भरून जाते. त्यानंतर येणारा मजकूर ठेवावयास जागाच उरत नाही.

एटी संगणकात अशा १५ व्यत्ययरेषा उपलब्ध असतात आणि त्यांतील बहुतेक आधीच वाटल्या गेलेल्या असतात. शून्य क्रमांकाची रेषा घड्याळाच्या ठोक्यांसाठी, १ कळफलकासाठी, ४ पहिल्या सिरियल पोर्टासाठी, ३ दुसऱ्या सिरियल पोर्टासाठी, ६ फ्लॉपीसाठी, ७ छपाईयंत्राच्या पोर्टासाठी, ८ दिनांकाच्या घड्याळासाठी, १३ गणित-सहप्रक्रियकासाठी आणि १४ हार्ड डिस्कसाठी असते. ५ ही रेषा छपाईच्या दुसऱ्या पोर्टासाठी राखलेली आहे. परंतु तसा पोर्ट क्वचितच बसविलेला असल्याने ती बहुधा मोकळी मिळते. १०, ११ आणि १२ याही पुष्कळदा मोकळ्या असतात. मात्र त्या खाचेच्या वाढीव भागात येत असल्यामुळे आखूड कार्डाला उपलब्ध होत नाहीत.

एकाच रेषेवर दोन कार्डांनी हाक मारली तर काय होते, हा या विषयाचा गाभा आहे. आयएसए व्यवस्थेत प्रक्रियकाला रेषेवरील संकेत खालून वर चढताना तेवढा समजतो. तो वर टिकून आहे की नाही, याची दखल घेतली जात नाही. वाड्याच्या दाराला एकच घंटा असावी आणि पहिल्या पाहुण्याने तिची दोरी ओढून धरून ठेवावी, म्हणजे दुसऱ्याने दोरीला हात घातला तरी घंटा नव्याने वाजत नाही. आत बसलेल्याला वाटते की पाहुणा एकच आला. दुसऱ्याची दाद लागत नाही, आणि दाद लागली नाही हेही कोणाला कळत नाही.

हा दोष केवळ पुस्तकी नव्हे. वर उल्लेखिलेल्या प्रयोगशाळेतील उपकरण दुसऱ्या सिरियल पोर्टाला जोडलेले आहे असे समजावे. एनई २००० कार्डाचा पत्ता कारखान्यातून ३०० आणि व्यत्ययरेषा ३ अशी ठरवून दिलेली असे; म्हणजे उपकरणाच्या पोर्टाची आणि कार्डाची रेषा एकच झाली. बसविणाऱ्याने कार्ड तसेच बसविले, जाळे तपासले, सर्व काही सुरळीत चालले आणि तो समाधानाने निघून गेला. सुरळीत चालले याचे कारण असे की, जोवर कोणताही कार्यक्रम सिरियल पोर्ट वापरावयास घेत नाही, तोवर तो पोर्ट त्या रेषेला स्पर्शही करीत नाही. दुसऱ्या दिवशी उपकरणाचा कार्यक्रम सुरू झाला आणि दोघांची रेषा एक झाली. त्या काळच्या साध्या सिरियल पोर्टात एका वेळी एकच अक्षर साठविता येते. ९,६०० च्या वेगाने सुमारे दर मिलिसेकंदाला नवे अक्षर येते. आधीचे उचलले गेले नसेल तर ते पुसले जाते. परिणामी मापनांच्या ओळींतून एखादा अंक गळतो. यंत्र बंद पडत नाही, पडद्यावर सूचनाही उमटत नाही. सामग्री वाचविण्यासाठी बसविलेले कार्डच सामग्री बिघडवू लागते.

यावरून पहिला नियम निघतो: कार्डाला हात लावण्यापूर्वी यंत्रात काय काय आहे याची यादी करावी. कोणते पोर्ट आहेत, त्यांना काय जोडले आहे, आणखी कोणती कार्डे आहेत आणि प्रत्येकाचा पत्ता व रेषा कोणती, हे कागदावर लिहून काढावे. रिकाम्या जागा आपोआप दिसू लागतात. वरील उदाहरणात ५ ही रेषा निवडणे योग्य ठरते.

पत्त्याच्या बाबतीतही असाच सावधपणा हवा. ३०० हा आकडा मूळ आयबीएमच्या आराखड्यात प्रायोगिक कार्डांसाठी मोकळा ठेविलेला होता. म्हणून तो अनेक उत्पादकांनी उचलला. उपकरणाचे स्वतःचे कार्ड आधीच तेथे असेल, तर जाळ्याच्या कार्डाला दुसरीकडे हलवावे लागते. कार्डावर ३६० हा पर्यायही दिलेला आढळतो आणि तो निरुपद्रवी वाटतो. परंतु ३२ पत्त्यांचा हिशेब केला की कार्डाची हद्द ३७एफ पर्यंत पोहोचते, आणि ३७८ पासून छपाईयंत्राच्या पोर्टाची वस्ती सुरू होते. जमिनीचा मालक ठरविताना सातबाऱ्यावर केवळ आरंभीचा गट क्रमांक पाहून भागत नाही, क्षेत्रही पाहावे लागते. तसेच हे आहे. अशा वेळी ३४० हा पत्ता मोकळा आहे का, ते पाहावे.

निवड झाली की ती कार्डाला कळवावयाची. जुन्या कार्डांवर त्यासाठी जंपर असतात. जंपर म्हणजे दोन खिळ्यांना जोडणारी इवलीशी टोपी होय. ती कोणत्या जोडीवर बसते यावर पत्ता आणि रेषा ठरतात. काहीशा नंतरच्या कार्डांत जंपर नसतात. उत्पादकाने दिलेला एक लहान कार्यक्रम चालवून हेच आकडे कार्डावरील कायम स्मृतीत लिहावे लागतात.

आता प्रत्यक्ष बसविण्याकडे वळण्यास हरकत नाही. संगणक सुरू असतानाच त्याच्या मांडणीची नोंद, विशेषतः हार्ड डिस्कचे आकडे, लिहून घ्यावी. कारण जुन्या यंत्राचा लहान विद्युतघट संपला की ही नोंद पुसली जाते आणि आपली डिस्क कोणती हेच यंत्राला ओळखता येत नाही. यानंतर यंत्र बंद करून प्लग काढावा आणि झाकण उघडावे. प्रथम दृष्टी टाकावी ती या विद्युतघटावरच. १९८० आणि १९९० च्या दशकांतील कित्येक यंत्रांत तो निकेल-कॅडमियमचा असून मदरबोर्डावर डाखलेला असतो. कालांतराने तो पाझरतो आणि आसपासचे तांब्याचे सूक्ष्म पट्टे खाऊन टाकतो. हिरवट-पांढरा थर दिसल्यास कार्डाचे काम थांबवून आधी त्याचा बंदोबस्त करावा. वीजपुरवठ्याची पेटी मात्र उघडू नये. प्लग काढल्यावरही तिच्यात घातक दाब काही काळ टिकून राहतो.

स्थिर विद्युत हा दुसरा शत्रू. कोरड्या हवेत माणसाच्या अंगावर काही हजार व्होल्ट सहज साठतात आणि साधारणपणे ३,००० व्होल्टच्या खाली त्याला ठिणगी जाणवतही नाही. परंतु त्याहून पुष्कळ कमी दाबाने चिप निकामी होऊ शकते. पावसाळ्यातील दमट हवेत हा धोका कमी असतो, हिवाळ्यात आणि वातानुकूलित खोलीत तो वाढतो. म्हणून पेटीच्या उघड्या धातूला हात लावून मगच कार्ड उचलावे आणि ते कडांना धरावे. खाचेतील धूळ मऊ कुंचल्याने झाडावी, कार्ड सरळ धरून सारख्या दाबाने खाली बसवावे, आणि वरचा स्क्रू आवळण्यास विसरू नये. तो न आवळल्यास तारेच्या ओढीने कार्ड तिरके होते.

तारेचे दोन प्रकार आढळतात. पातळ समाक्ष तारेचे जाळे एकाच लांब दोरीसारखे असते. तिचा रोध ५० ओहम असावा लागतो, एका खंडाची लांबी १८५ मीटरपर्यंत चालते, आणि दोन्ही टोकांना ५० ओहमची टोपी बसवावीच लागते. टोपी नसेल तर संकेत टोकावरून परत फिरतो आणि सर्वांचेच बोलणे अडते. दिसायला सारखी म्हणून दूरचित्रवाणीची ७५ ओहमची तार वापरू नये. दुसरा प्रकार पिळदार जोडतारेचा, १९९० मध्ये प्रमाणित झालेला. त्यात प्रत्येक संगणकाची तार १०० मीटरच्या आत मध्यवर्ती पेटीला पोहोचते. जुन्या कार्डावर ही चौकोनी खोबण असेल तर ते भाग्यच समजावे, कारण आजच्या पुष्कळ साध्या स्विच-पेट्या अजूनही या जुन्या वेगाने बोलू शकतात.

यानंतर चालक-कार्यक्रमाची पाळी येते. डॉस प्रणालीत एनई २००० साठी 'पॅकेट ड्रायव्हर' नावाचा चालक वापरतात. तो सुरू करताना त्याला तीन आकडे द्यावे लागतात: चालकाला बोलाविण्याचा क्रमांक, जो बहुधा ६० असतो, कार्डाची व्यत्ययरेषा आणि कार्डाचा पत्ता. येथे एक बारीक खाच आहे. षोडशमान आकड्यापूर्वी शून्य आणि एक्स ही चिन्हे लिहिली नाहीत, तर चालक तो आकडा दशमान समजतो. दशमान ३०० म्हणजे षोडशमान १२सी. अर्थात चालक भलत्याच दारावर जाऊन उभा राहतो.

चालक नीट सुरू झाला की तो कार्डाचा जन्मजात क्रमांक पडद्यावर दाखवितो. हा क्रमांक सहा भागांचा असून त्यातील पहिले तीन भाग उत्पादकाची ओळख देतात. येथून दोषाचे निदान पुष्कळसे सोपे होते. चालकाला कार्डच सापडले नाही, किंवा क्रमांकाच्या जागी सर्व शून्ये अथवा सर्व 'एफ' उमटले, तर पत्ता चुकला असण्याचा संभव अधिक. क्रमांक बरोबर उमटला, कार्डाने पाठविलेला मजकूर शेजारच्या यंत्रावर पोहोचतो आहे, परंतु उत्तर काही ऐकू येत नाही, असे असेल तर संशय व्यत्ययरेषेवर घ्यावा. पत्ता चुकला तर ओळखच होत नाही. रेषा चुकली तर बोलता येते, ऐकता येत नाही.

शेवटी यंत्राला जाळ्यातील क्रमांक द्यावा लागतो. खासगी जाळ्यांसाठी १९९४ पासून १९२.१६८ ने आरंभ होणारे क्रमांक राखून ठेवलेले आहेत. येथेही तोच नियम लागू पडतो: एकच क्रमांक दोन यंत्रांना देऊ नये. 'पिंग' या कार्यक्रमाने परीक्षा घेताना क्रम पाळावा. १२७.०.०.१ या क्रमांकाने यंत्र स्वतःशीच बोलते. त्यातून केवळ आज्ञावली ठीक आहे एवढे कळते, कार्ड वा तार यांविषयी काहीच नाही. मग शेजारचे यंत्र, आणि ते जमल्यावर दूरचे. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन गोष्टी एकदम बदलून यश आले, तर कोणत्या बदलाने आले हे कळत नाही. सर्वांत शेवटी जाळे आणि उपकरण दोन्ही एकाच वेळी चालवून पाहावीत, कारण वर सांगितलेला गुप्त दोष दुसऱ्या कोणत्याही परीक्षेत उघडकीस येत नाही.

या सर्व खटाटोपातून माणसाची सुटका करण्याचे प्रयत्न पुढे झाले. १९९२ मधील 'पीसीआय' व्यवस्थेत अनेक कार्डांना एक रेषा वाटून घेता येऊ लागली, कारण तेथे संकेत चढतानाच नव्हे, तर टिकून असेपर्यंत पाहिला जातो. १९९३ मध्ये आयएसए कार्डांसाठीही आपोआप मांडणीची संहिता तयार झाली आणि १९९५ मध्ये विंडोज ९५ ने ती घरोघर नेली. तथापि वाटप नाहीसे झाले नाही. ते करणारा तेवढा बदलला. संक्रमणकाळातील यंत्रांत दोन्ही प्रकारच्या खाचा असतात आणि जंपरच्या कार्डाने कोणती रेषा घेतली आहे, हे यंत्राला कळण्याचा मार्ग नसतो. अशा यंत्रात ती रेषा जुन्या कार्डासाठी राखून ठेवल्याचे मांडणीच्या पडद्यावर माणसानेच नोंदवावे लागते.

जोडणीबरोबर एक जबाबदारीही येते. जुन्या प्रणालींच्या सुरक्षेची दुरुस्ती आता कोणी करीत नाही. विंडोज ९८ ची ती ११ जुलै २००६ रोजी थांबली. म्हणून असा संगणक इंटरनेटला थेट जोडू नये. त्याला आणि सामग्री घेणाऱ्या एका नव्या यंत्राला मिळून वेगळे लहान जाळे करावे, आणि काम झाल्यावर तार काढून ठेवावी.

काम पुरे झाले की आरंभी केलेली यादी नवे आकडे भरून स्वच्छ लिहावी, तिच्यावर दिनांक घालावा आणि ती पेटीच्या झाकणाला आतून चिकटवावी. यंत्र बसविणारा कधीतरी बदली होऊन जातो, निवृत्त होतो. त्याच्या मागून येणाऱ्याला ३०० आणि ५ हे दोन आकडे झाकणाच्या आत लिहिलेले मिळाले, तर त्याचे दोन दिवस वाचतात आणि कदाचित अनेक वर्षांची मापनेही. जुन्या यंत्राची सेवा करणाऱ्याने त्याच्या स्वाधीन करावयाची ही शेवटची गोष्ट होय, आणि ती करण्यास एक कागद पुरतो.